राष्ट्रीय हवामान धोरणात तरुणांचा वाटा

हवामान धोरण इतर धोरणांपेक्षा वेगळे पडते ते मुदतीमुळे. रस्ता, धरण, करसवलत यांचा निर्णय घेणाऱ्या सरकारला त्याचे बरेवाईट फळ बहुधा एकदोन निवडणुकांतच चाखावे लागते. कार्बन उत्सर्जनाचे तसे नाही. आज उभारलेले औष्णिक वीजकेंद्र तीस-चाळीस वर्षे चालते आणि त्यातून बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग त्यानंतरही शतकानुशतके वातावरणात राहतो. भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत ‘निव्वळ शून्य’ उत्सर्जनासाठी २०७० हे वर्ष जाहीर केले. त्या दिवशी वीस वर्षांचा असलेला तरुण २०७० मध्ये एकोणसत्तर वर्षांचा असेल. घोषणा करणाऱ्यांपैकी हिशेब द्यायला फारच थोडे जण उरलेले असतील. त्याच वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने ही तफावत आकड्यांत मांडली. तेव्हाची आश्वासने जशीच्या तशी धरली, तर १९६० मध्ये जन्मलेल्या माणसाच्या तुलनेत २०२० मध्ये जन्मलेल्या मुलाला आयुष्यभरात टोकाच्या हवामान घटना दोन ते सात पट अधिक सोसाव्या लागतील, आणि त्यांत उष्णतेच्या लाटा सर्वांत पुढे असतील. ठरवणारे एका वयाचे, भोगणारे दुसऱ्या वयाचे, अशी ही रचना आहे. भोगणाऱ्यांना ठरवण्यात जागा कशी द्यायची, हा प्रश्न त्यातून आला.

मतपेटीने तो सुटायला हवा होता, पण तिथेही हिशेब आडवा येतो. भारतात ६१व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून मतदानाचे वय २१ वरून १८ झाले. लोकसभेची किंवा विधानसभेची निवडणूक लढवायला मात्र २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. २०२४ मध्ये निवडून आलेल्या लोकसभेच्या सदस्यांचे सरासरी वय ५६ च्या आसपास आहे. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणाने १५ ते २९ हा वयोगट युवा मानला. लोकसंख्येत त्याचा वाटा २०२१ मध्ये २७.२ टक्के होता आणि २०३६ पर्यंत तो २२.७ टक्क्यांवर येईल, असा केंद्र सरकारच्याच सांख्यिकी अहवालाचा अंदाज आहे. देश तरुण असल्याचा अभिमान भाषणांतून मिरवला जातो खरा, पण त्या तरुणाईच्या संख्याबळाचा जोर निव्वळ शून्याची तारीख उजाडण्याच्या कितीतरी आधी ओसरू लागलेला असेल.

सहभाग कशाला म्हणायचे, याची एक जुनी मोजपट्टी उपलब्ध आहे. शेरी आर्न्स्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरी सहभागाची शिडी मांडली; रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत ती मुलांना आणि तरुणांना लावली. आठ पायऱ्यांपैकी खालच्या तीन हार्ट यांनी सहभागात धरल्याच नाहीत : मुलांचा वापर करून घेणे, त्यांना शोभेपुरते उभे करणे आणि नावापुरते बोलावणे. प्रभातफेरीतले घोषणाफलक, पर्यावरण दिनाची चित्रकला स्पर्धा, पाहुण्यांना रोपटे देऊन स्वागत करणारे विद्यार्थी हे सगळे या तीन पायऱ्यांवरचे. त्यात वाईट काही नाही, पण त्याने धोरणातला एक स्वल्पविरामही हलत नाही.

आंतरराष्ट्रीय मंचावर तरुणांना जागा हप्त्याहप्त्याने मिळाली. १९९२ च्या रिओ परिषदेतील ‘अजेंडा २१’ मध्ये मुले आणि तरुण यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण होते; तिथेच कॅनडाच्या बारा वर्षांच्या सेव्हर्न सुझुकीचे भाषण गाजले. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारातील सहावे कलम लोकशिक्षण आणि लोकसहभागाचे आहे. पॅरिस करारात त्याची जागा बाराव्या कलमाने घेतली. तरुणांच्या संघटनांचा ‘यंगो’ हा गट २००९ मध्ये तात्पुरता आणि २०११ मध्ये कायमचा निरीक्षक म्हणून मान्य झाला. निरीक्षकाला सभागृहात बसता येते, ठरलेल्या वेळेत निवेदन करता येते, मत देता येत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्रेटा थुनबर्ग स्वीडनच्या संसदेबाहेर एकटी बसली आणि पुढच्या मार्चपर्यंत शाळाबंदीचे आंदोलन जगभर पसरले, तेव्हा मंच देणाऱ्यांचीही घाई वाढली. जुलै २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी सात तरुणांचा सल्लागार गट नेमला. त्यात ओडिशातील खडिया आदिवासी समाजाच्या अर्चना सोरेंग होत्या. दुबईच्या २०२३ च्या परिषदेत अध्यक्ष देशाने युवा प्रतिनिधी नेमण्याची प्रथा कायम झाली, पण नेमणूक यजमान सरकारच करते आणि पहिल्या मानकरी यजमान देशाच्या मंत्रीच होत्या. शिवाय उत्सर्जनाची उद्दिष्टे या परिषदांत ठरतच नाहीत. प्रत्येक देश ती आपल्या राजधानीत ठरवून ‘राष्ट्रीय निर्धारित योगदान’, म्हणजे एनडीसी, या नावाने पाठवतो. खरा प्रश्न राजधानीतला आहे.

भारतातील वाट अशी आहे. २००७ मध्ये पंतप्रधानांची हवामान बदल परिषद स्थापन झाली. ३० जून २००८ रोजी राष्ट्रीय कृती आराखडा आला. सौरऊर्जा, ऊर्जा कार्यक्षमता, शाश्वत अधिवास, पाणी, हिमालय, हरित भारत, शेती आणि ज्ञान अशा त्यात आठ मोहिमा. २०१५ मध्ये पहिले एनडीसी पाठवले गेले. ३ ऑगस्ट २०२२ रोजी मंत्रिमंडळाने सुधारित उद्दिष्टांना मंजुरी दिली : २०३० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नामागचे उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी आणि वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी ५० टक्के बिगर-जीवाश्म स्रोतांची. त्याच वर्षी नोव्हेंबरात शर्म-अल-शेखच्या परिषदेत दीर्घकालीन धोरण सादर झाले. ते मंत्रालये, राज्य सरकारे, संशोधन संस्था आणि नागरी संघटना यांच्याशी सल्लामसलत करून बनवल्याचे सरकारी पत्रकात म्हटले होते. तरुणांचा त्या यादीत वेगळा उल्लेख नाही.

पर्यावरण मंत्रालयात एनडीसीचे टिपण तयार होते, ऊर्जा, कोळसा, अर्थ, परराष्ट्र या मंत्रालयांत फिरते, मोजक्या संशोधन संस्था संगणकी प्रतिमानांवर आकडे काढून देतात, मंत्रिमंडळ शिक्कामोर्तब करते आणि कागद संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाकडे जातो. मसुदा लोकांपुढे ठेवून हरकती व सूचना मागवण्याचा बंधनकारक टप्पा या वाटेवर नाही. केंद्र सरकारने २०१४ मध्ये विधेयकपूर्व सल्लामसलतीचे धोरण स्वीकारले होते. त्यानुसार मसुदा किमान ३० दिवस जनतेसमोर ठेवायचा आणि आलेल्या सूचनांचा सारांश संकेतस्थळावर द्यायचा. पण ते कायदे आणि नियम यांच्यापुरते आहे, आणि एनडीसी दोन्हींत बसत नाही. दुसऱ्या बाजूला, युवा धोरणाने जे अकरा अग्रक्रम ठरवले त्यांत शिक्षण, उद्योजकता, आरोग्य, क्रीडा, राजकारणातील सहभाग असे सारे आहे, हवामान बदल हा स्वतंत्र अग्रक्रम नाही. हवामानाच्या आठ मोहिमांत युवा नाहीत आणि युवांच्या अकरा अग्रक्रमांत हवामान नाही.

तरुणांना बोलावले जाते ते अंमलबजावणीच्या टोकाला. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे, ‘माय भारत’ हा मंच ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी आला. दोन्हींचा भर स्वयंसेवकांवर. ऑक्टोबर २०२२ मध्ये गुजरातमधील एकतानगर येथे सुरू झालेले ‘लाइफ’ अभियान वैयक्तिक जीवनशैलीवर बेतलेले आहे : दिवे बंद करा, पाणी जपा, प्लास्टिक टाळा. या सवयी चांगल्याच आहेत. मात्र नवे कोळसा वीजकेंद्र हवे की नको, शेतीपंपांची वीज कधी आणि कशी सौरऊर्जेवर न्यायची, हे प्रश्न अशा अभियानाच्या चौकटीत येतच नाहीत. तरुण इथे शपथ घेणारा असतो. शपथेचा मजकूर आधीच छापून आलेला असतो.

मसुद्यावर बोलण्याची संधी कायद्याने मिळते तेव्हा काय होते, याचा सर्वांत बोलका दाखला २०२० च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या मसुद्याचा आहे. मार्च २०२० मध्ये, टाळेबंदी लागत असताना, हा मसुदा आला. कोणता प्रकल्प कोणत्या तपासणीतून जाणार हे ठरवणारी ही अधिसूचना असल्याने हवामान धोरणाशी तिचा संबंध नावापेक्षा खूप जवळचा. परवानगीशिवाय सुरू झालेल्या प्रकल्पांना मागाहून नियमित करण्याची सोय तिच्यात होती, आणि जनसुनावणीत लेखी म्हणणे मांडण्याची मुदत ३० दिवसांवरून २० दिवसांवर आणली होती. हरकतींसाठी ६० दिवस दिले गेले, ते ३० जूनपर्यंत वाढले, मग दिल्ली उच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट ही तारीख ठरवली. न्यायालयाने आणखी एक आदेश दिला : मसुदा केवळ इंग्रजी आणि हिंदीत पुरेसा नाही, घटनेच्या आठव्या परिशिष्टातील इतर भाषांतही द्यावा. खाणीशेजारच्या गावातील माणसाला त्याच्या भाषेत कागद मिळाला नाही तर हरकत नोंदवण्याचा हक्क कागदावरच राहतो, हे उघड होते. केंद्राने तरीही भाषांतराचा आदेश सर्वोच्च न्यायालयात नेला.

सरकारी भाषांतराची वाट न पाहता महाविद्यालयीन आणि नुकतेच पदवी घेतलेले तरुण कामाला लागले. कॉलेजे बंद होती, हातात मोबाइल होता आणि वेळही होता. मसुद्यातील कलमांचे सोप्या भाषेतील सारांश, जुन्या-नव्या तरतुदींचे तक्ते, प्रादेशिक भाषांतील चित्रफिती, मंत्रालयाच्या ई-मेल पत्त्यावर पाठवायच्या पत्राचे नमुने अशी सामग्री समाजमाध्यमांवरून फिरू लागली. मंत्रालयाकडे १७ लाखांहून अधिक प्रतिक्रिया गेल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. एखाद्या नियमाच्या मसुद्यावर भारतात इतकी पत्रे क्वचितच गेली असतील. त्यांतली बरीच एकाच साच्यातली होती, हा आक्षेप खरा आहे. पण आयकर विवरणपत्रही साच्यातलेच असते. सही कोणाची, हे महत्त्वाचे.

प्रतिसादही तितकाच बोलका होता. जुलै २०२० मध्ये ‘फ्रायडेज फॉर फ्यूचर इंडिया’ या गटाचे संकेतस्थळ बंद झाले. मंत्र्यांच्या पत्त्यावर येणाऱ्या ई-मेलच्या भडिमाराची तक्रार दिल्ली पोलिसांकडे गेली होती आणि पोलिसांनी संकेतस्थळाच्या नोंदणीदाराला धाडलेल्या नोटिशीत चक्क दहशतवादविरोधी कायद्याचा, यूएपीएचा, हवाला होता. ती नोटीस नजरचुकीने गेली असे सांगून मागे घेतली गेली, माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली दुसरी काढली गेली आणि संकेतस्थळ पुन्हा सुरू झाले. सूचना ई-मेलने पाठवा असे सरकारनेच सांगितले होते, हे इथे विसरता येत नाही. मसुदा मात्र अंतिम झाला नाही. त्यातील काही बदल पुढे सुट्या दुरुस्त्या आणि कार्यालयीन ज्ञापनांच्या रूपाने आले, ज्यांवर अशा व्यापक हरकती मागवल्या गेल्या नाहीत. म्हणजे तरुणांच्या रेट्याने पुढचे दार अडवले गेले आणि मजकुराचा काही भाग मागच्या दाराने आत गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाशी संबंधित ‘टूलकिट’ प्रकरणात याच गटाची बावीस वर्षांची कार्यकर्ती दिशा रवी हिला अटक झाली; दहा दिवसांनी दिल्लीच्या न्यायालयाने जामीन दिला. मुंबईतील एक वकील आणि बीडचा एक अभियंता यांनाही त्याच प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाकडे धाव घ्यावी लागली. अशा घटनांचा परिणाम खटल्याच्या निकालापुरता राहत नाही. पुढच्या मसुद्यावर सूचना पाठवायची की नाही, हे घरात आई-वडिलांनी ठरवण्याची वेळ येते.

सल्लामसलतीचे दार अरुंद असले की माणसे न्यायालयाचे ठोठावतात. जर्मनीत २०१९ च्या हवामान संरक्षण कायद्याने २०३० पर्यंत उत्सर्जनात ५५ टक्के कपात ठरवली होती, पुढचे मोघम ठेवले होते. लुइझा नॉयबाउअर आणि इतर तरुण, त्यांत बांगलादेश आणि नेपाळमधील काही जणही, घटना न्यायालयात गेले. २४ मार्च २०२१ च्या निकालात न्यायालयाने कायद्याचा तो भाग घटनाबाह्य ठरवला. त्यामागचा युक्तिवाद सरळ आहे : कार्बनचा उरलेला कोटा आजच्या पिढीने उधळला, तर २०३० नंतर इतकी कठोर कपात करावी लागेल की उद्याच्या नागरिकांची जवळपास सगळी स्वातंत्र्ये आकसतील, म्हणून स्वातंत्र्याची वाटणी काळाच्या ओघातही न्याय्य असली पाहिजे. सरकारने काही आठवड्यांत दुरुस्ती आणली, २०३० चे उद्दिष्ट ६५ टक्के झाले आणि निव्वळ शून्य २०५० वरून २०४५ वर आले. दक्षिण कोरियात मार्च २०२० मध्ये एकोणीस तरुणांनी दावा लावला, पुढे त्यात लहान मुलांचा दावा जोडला गेला. त्यातला एक अर्जदार अजून आईच्या पोटात होता. २९ ऑगस्ट २०२४ रोजी तिथल्या घटना न्यायालयाने २०३१ ते २०४९ या काळासाठी उद्दिष्टच नसणे घटनेला धरून नाही असे सांगितले. पॅसिफिकमधील वानुआतूची कथा तर आणखी लांबची. २०१९ मध्ये तिथल्या कायद्याच्या सत्तावीस विद्यार्थ्यांनी वर्गात काढलेली कल्पना त्या देशाच्या सरकारने उचलली, २९ मार्च २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ती एकमताने ठराव झाली आणि २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानाबाबत राष्ट्रांची कायदेशीर जबाबदारी सांगणारे सल्लागारी मत दिले.

भारतात हा मार्ग लवकर अडतो. उत्तराखंडच्या रिधिमा पांडे हिने २०१७ मध्ये, नऊ वर्षांची असताना, राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला. सरकारच्या धोरणांत पॅरिस कराराचा विचार झालेला नाही असे मानण्याचे कारण नाही, असे म्हणत लवादाने जानेवारी २०१९ मध्ये तो निकाली काढला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. जर्मनी आणि भारत यांच्यातील फरक न्यायाधीशांच्या धाडसाचा नाही. जर्मन न्यायालयापुढे तपासायला एक कायदा होता, त्यात आकडे होते. भारतात हवामान बदलाचा सर्वसमावेशक कायदाच नाही, त्यामुळे रद्द किंवा दुरुस्त करायला हाताशी काही येत नाही. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रणजितसिंह प्रकरणात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या १४व्या आणि २१व्या कलमांत शोधला, आणि असा कायदा नसल्याची नोंदही केली. तो खटला तरुणांनी आणलेला नव्हता. राजस्थान-गुजरातेतील माळढोक पक्षी आणि सौर प्रकल्पांच्या वीजवाहिन्या यांच्यातील वाद होता. नान्नजच्या माळरानावर माळढोकाची वाट पाहून थकलेल्या सोलापूरकरांना त्यातली गुंतागुंत वेगळी सांगायला नको. हक्क मान्य झाला आहे; तो कोणत्या आकड्यावर बजावायचा, ते ठरायचे आहे.

तिसरा मार्ग संस्थात्मक. फ्रान्सने २०१९-२० मध्ये चिठ्ठ्या टाकून दीडशे नागरिक निवडले आणि त्यांना उत्सर्जन कपातीचे उपाय सुचवायला सांगितले. किमान वय १६ ठेवल्याने मतदार नसलेलेही बसू शकले. वयोगटांचे प्रमाण लोकसंख्येशी जुळते ठेवले होते, म्हणून तरुणांना वेगळा कोपरा देण्याची गरज पडली नाही. जून २०२० मध्ये त्यांनी १४९ प्रस्ताव दिले. अध्यक्ष माक्राँ यांनी ते चाळणी न लावता पुढे नेण्याचा शब्द दिला होता, पण ऑगस्ट २०२१ च्या कायद्यात बरेच काही पातळ झाले. रेल्वेने चार तासांत जाता येते तिथली देशांतर्गत विमाने बंद करावीत असा प्रस्ताव होता. कायद्यात अडीच तास आले. सदस्यांनी सरकारला १० पैकी ३.३ गुण दिले. हा प्रयोग फसला असे अनेक जण म्हणतात. तो तितकासा फसला नाही, कारण काय सुचवले आणि काय उरले हे दोन्ही कागद शेजारी ठेवून कोणालाही वाचता येतात, आणि सरकारला गुण देण्याइतकी सोय भारतीय सल्लामसलतीत अजून नाही. आयर्लंडने २०२२ मध्ये जैवविविधतेवर ७ ते १७ वयाच्या पस्तीस मुलांची सभा भरवली. डेन्मार्कने हवामान मंत्र्यांना सल्ला देणारी युवा परिषद नेमली.

वेल्सने मात्र वेगळी चाल खेळली. २०१५ च्या भावी पिढ्यांच्या कल्याणाच्या कायद्याने सार्वजनिक संस्थांवर दीर्घकालीन परिणाम पाहण्याचे बंधन घातले आणि त्यावर लक्ष ठेवायला स्वतंत्र आयुक्त नेमला. न्यूपोर्टजवळच्या एम-४ महामार्गाच्या वळणरस्त्याला आयुक्त सोफी हाउ यांनी जाहीर विरोध केला आणि जून २०१९ मध्ये वेल्सच्या सरकारने तो प्रकल्प सोडून दिला. खर्च आणि पाणथळ जागा हीही कारणे होती. आयुक्त कोणाला शिक्षा करू शकत नाही, निर्णय फिरवू शकत नाही, पण संस्थेला उत्तर द्यायला लावू शकतो. तरुणांची नेमणूक करण्यापेक्षा त्यांच्या हिताचा वकील नेमावा, असा हा विचार आहे, आणि त्याचा एक फायदा लक्षात घेण्याजोगा : तरुण प्रतिनिधी पाच वर्षांत तरुण राहत नाही, कार्यालय राहते.

महाराष्ट्र आणि गोव्यात तरुणांचा प्रभाव दिसतो तो बहुतांशी स्थानिक वादांतून. राज्यात २ ऑक्टोबर २०२० रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पर्यावरण विभागाच्या नावात ‘वातावरणीय बदल’ आले. मार्च २०२२ मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा जाहीर झाला, त्यात निव्वळ शून्यासाठी २०५० हे वर्ष, म्हणजे देशाच्या वीस वर्षे आधीचे; तो तयार होताना नागरिकांच्या सूचना मागवल्या होत्या. त्याआधी ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडायला सुरुवात झाली, एकोणतीस आंदोलकांना अटक झाली, त्यांत विद्यार्थी होते. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले आणि ७ ऑक्टोबरला विशेष पीठाने तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडे गेली होती. हा वाद सरळ नव्हता. मेट्रो हाच मुळात उत्सर्जन कमी करणारा उपाय. विरोध तिच्या आगाराच्या जागेला होता, आणि जागा बदलून पुन्हा आरेवरच आली. उद्दिष्टाशी सहमत आणि आखणीच्या विरोधात अशी भूमिका मांडायला जागा नसली की तरुणांवर विकासविरोधी हा शिक्का बसतो.

गोव्यातील मोलेची लढाई राष्ट्रीय धोरणाच्या अधिक जवळ गेली. रेल्वेमार्गाचे दुपदरीकरण, महामार्गाचे चौपदरीकरण आणि तम्नारची वीजवाहिनी हे तीन प्रकल्प भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान यांतून जाणार होते. दुपदरीकरण मुरगाव बंदरातील कोळशासाठीच, असा आंदोलकांचा दावा होता. तरुण संशोधक, वकील, चित्रकार, वास्तुरचनाकार यांनी एकत्र येऊन आघात मूल्यांकन अहवालांतील चुका शोधल्या, टाळेबंदीत चित्रे आणि गाण्यांनी विषय घरोघरी नेला, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये चांदर येथे हजारो माणसे रात्रभर रुळांवर बसली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाला मिळालेली राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. कोळशाची आयात कुठून आणि कोणत्या जंगलातून, हा देशाच्या ऊर्जा धोरणाचा प्रश्न. तो ऐरणीवर आला गोव्यातील एका मंजुरीच्या फायलीतून.

‘तरुण’ हा एकसंध वर्ग नाही, ही या विषयातली सर्वांत अवघड बाब. २०२१ मध्ये दहा देशांतील १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी झाली, तीत ५९ टक्के जण हवामान बदलाबद्दल अतिशय चिंतित आढळले. भारतही त्यात होता, पण इथला प्रतिसाद इंटरनेट आणि इंग्रजी हाताशी असलेल्यांचा. ऊसतोडणीला जाणाऱ्या जोडप्यांचे वय बहुधा याच गटातले असते. उन्हात घरपोच सामान पोहोचवणारी मुले, वाळवंडीवर मासळी सुकवणाऱ्या कोळणींच्या लेकी यांचेही. चंद्रपुरात २,९२० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र आणि भोवती कोळशाच्या खाणी आहेत. तिथल्या आयटीआयमधून बाहेर पडलेल्या तरुणाला कोळसा कधी बंद होणार यापेक्षा त्यानंतर कंत्राटी का होईना नोकरी कुठे मिळणार, याची काळजी आधी असते. त्याच शहरातल्या राखेची आणि उन्हाळ्याची काळजीही त्याचीच. मुंबई-दिल्लीतल्या बैठकीत त्याच्या वयाचा कोणी बसला म्हणून त्याचे म्हणणे पोहोचले, असे होत नाही. निवडून आलेले सरकार असताना न निवडलेल्या तरुणांना खास खुर्ची का, हा आक्षेपही इथे बळकट होतो. फ्रान्सची चिठ्ठी किंवा ग्रामसभेचा ठराव त्याला निदान अर्धे उत्तर देतात, ओळखीने बोलावलेली युवा परिषद देत नाही.

व्यवहाराच्या अडचणी त्याहून साध्या आहेत आणि म्हणूनच दुर्लक्षित. बैठकीचे प्रवासभाडे कोणी देत नाही. बिनपगारी सल्लागार होणे सुखवस्तू घरातल्यालाच परवडते. परीक्षांच्या किंवा प्रवेशांच्या धांदलीत ठेवलेली मुदत म्हणजे बंद मुदत. कागद इंग्रजीत येतो आणि प्रतिमानांतले आकडे कुठल्या गृहीतकांवर उभे आहेत, ते सांगितलेच जात नाही. सूचना पाठवल्यावर पोच येते, उत्तर येत नाही. ही शेवटची उणीव भरणे तुलनेने स्वस्त आहे : आलेल्या सूचनांपैकी कोणत्या घेतल्या, कोणत्या नाकारल्या आणि का, याचे टिपण प्रसिद्ध करायला नवा कायदा लागत नाही, २०१४ चे सल्लामसलतीचे धोरण एनडीसीला लागू करणारा एक आदेश पुरतो.

वेळापत्रक ठरलेले आहे. पॅरिस कराराखालचा पहिला जागतिक आढावा २०२३ मध्ये दुबईत पुरा झाला, दुसरा २०२८ मध्ये व्हायचा आहे. त्याच्या आधारे २०४० पर्यंतची उद्दिष्टे देशांनी २०३० मध्ये कळवायची आहेत. आकड्यांचे काम त्याआधी दीड-दोन वर्षे सुरू होते, म्हणजे भारतात मसुदा लोकांपुढे ठेवण्यासाठी उरतो तो २०२८ चा उत्तरार्ध आणि २०२९. लोकसभेची पुढची सार्वत्रिक निवडणूकही २०२९ च्या उन्हाळ्यातच आहे.